नववं पान

बैठक रविवारी सकाळी दहाला ठरली होती, पण कस्तुराबाईंनी ती गुरुवारपासूनच भरवली होती. पिठाच्या गिरणीत सांगून झालं, भिशीत सांगून झालं, गुडघ्याच्या डॉक्टरकडं तर नंबर येईस्तोवर दोनदा सांगून झालं. धाकटा येणार, पुण्याहून. आपल्या डाळमिलचा त्यानं अभ्यास केलाय.

कैवल्य पुण्यात नेमकं काय करतो हे समजून घ्यायला कस्तुराबाईंना नऊ वर्षं लागली होती. आता मात्र पाठ झालं होतं. मोठमोठ्या कंपन्यांना अडचण आली की त्याला बोलावतात. तो जातो, पंधरा दिवस बघतो आणि त्यांचं काय चुकतंय ते त्यांना सांगतो. भिशीतल्या एकीनं विचारलं होतं की, त्या कंपनीतल्या माणसांना स्वतःचं स्वतःला कळत नाही का? कस्तुराबाई म्हणाल्या, कळत असतं तर ती कंपनी झाली असती का. हे उत्तर त्यांना स्वतःलाच फार आवडलं आणि त्यांनी ते डॉक्टरकडंही वापरलं.

मिलचं खरंच काहीतरी चुकत होतं. कळंबात ढोकी रस्त्यावर तात्यांनी, म्हणजे ज्ञानोबा टेकाळ्यांनी, चाळीस वर्षांपूर्वी उभी केलेली ती डाळमिल गेले दोन हंगाम अर्धा दिवस चालायची आणि अर्धा दिवस चालल्यासारखी दिसायची. बाहेरच्या देशातली तूर बंदरावर उतरत होती, लातूरच्या मोठ्या मिला भाव पाडत होत्या, आणि इथं अठ्ठावीस माणसं सकाळी येऊन एकमेकांना राम राम घालत होती. दिवाळीत पाडव्याच्या पंगतीत थोरल्या मुलानं, अमरसिंहानं, पानावरच सुचवलं, की आपला कैवल्य जगाला सल्ला देतो, तर घरालाही द्यावा. तात्या काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे तात्यांचा होकार, असं अमरसिंहानं बऱ्याच वर्षांपूर्वी एकट्यानंच ठरवून टाकलं होतं.

त्याला अहवाल का हवा होता हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बहीण शिवकन्या तिघा भावंडांत थोरली. तिच्या नवऱ्याचं, श्रीनाथचं, जळकोटला रस्त्यालगत कापडाचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला, गाड्या वरच्या वर निघून जायला लागल्या, दुकान बसलं. सहा वर्षांपूर्वी तात्यांनी जावयाला मिलमध्ये ‘देखरेखीला’ ठेवलं आणि मिलमागच्या दोन खोल्या राहायला दिल्या. देखरेख कशाची, ते सांगायचं राहून गेलं. अमरसिंहाला दाजी नको होते. पण सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला जा म्हणायला धाडस लागतं, नाहीतर अहवाल लागतो. अहवाल घरात फुकट मिळत होता.

०

बार्शी मागं पडल्यावर कैवल्यच्या बायकोनं, अक्षरानं, मागच्या सीटवरची पिशवी पुढं ओढली आणि अहवाल काढला. स्पायरल बांधणीची नऊ पानं, गुळगुळीत कागद, रंगीत तक्ते. तात्यांसाठी म्हणून मराठीत. कैवल्य गाडी चालवत होता.

“मनुष्यबळ सुसूत्रीकरण,” तिनं सहाव्या पानावरचं वाचलं. “म्हणजे काढणं?”

“काढणं असं म्हणत नाहीत.”

“मग तुला काय म्हणाले होते?”

कैवल्यनं गिअर बदलला. त्याला काढलं नव्हतं. त्याची कंपनी इतकी असभ्य नव्हती. त्याची ‘भूमिका संपुष्टात आली’ होती. नोव्हेंबरच्या चार तारखेला, अकरा मिनिटांच्या एका कॉलवर, कधी न पाहिलेल्या एका बाईनं त्याला हे कळवलं. वरिष्ठ साहेबही कॉलवर होते, पण त्यांचा कॅमेरा बंद होता. मंदी होती. परदेशातल्या ज्या कंपन्यांना कैवल्य आणि त्याची मंडळी खर्च कसा कमी करावा ते शिकवायची, त्या कंपन्यांनी धडा नीट घेतला होता, आणि पहिला खर्च कमी केला होता तो शिकवणाऱ्यांचाच. नऊ वर्षांत त्यानं किती जणांची पदं अशी पानावर मांडली होती याचा त्याला हिशेब नव्हता. तो कधी ठेवायचा नसतोच.

अक्षरा पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. कुणाच्या रक्तात काय निघालं ते तोंडावर न दाखवण्याची तिला सवय होती, म्हणून घरी न कळवता काढलेले हे तीन आठवडे तिलाच त्यातल्या त्यात सोपे गेले. मात्र तिच्या एक लक्षात आलं होतं. अहवालाची आठ पानं नोकरी असताना लिहिली होती, आणि नववं नंतर. आता ते नववं पान तिनं प्रथमच नीट वाचलं. मिलला एका व्यावसायिक व्यवस्थापकाची तातडीनं गरज होती. वय तीस ते अडतीस. व्यवस्थापनाची पदवी. सल्लागार क्षेत्रातला किमान आठ वर्षांचा अनुभव. कळंब परिसराची माहिती. स्थानिक बोली समजणं आवश्यक.

“बुटाचं माप तेवढं घालायचं राहिलं,” ती म्हणाली.

कैवल्यनं पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाला की खरंच गरज आहे, कुणीही पाहिलं असतं तरी हेच लिहिलं असतं.

“मिलला गरज आहे की तुला?”

येरमाळा आलं. गाडी कळंबच्या रस्त्याला वळली. अक्षरानं अहवाल मिटला आणि मांडीवर ठेवला. तिला राग आला होता हे खरं. पण पुढच्या दहा किलोमीटरमध्ये तिनं मनातल्या मनात मिलशेजारच्या मोकळ्या जागेत एक घर बांधलं, त्याला अंगण दिलं, आणि मिलमागच्या दोन खोल्यांत सध्या कोण राहतं हे तिला घर बांधून झाल्यावर आठवलं. मग ती कैवल्यवर रागावायची राहिली. त्याच्यापेक्षा आपण काही फार बऱ्या नाही, एवढं तिला कळलं होतं.

०

धपाटी आणि दही झाल्यावर सगळे पुढच्या खोलीत बसले. तात्या दिवाणावर, पाठीशी लोड. अमरसिंह त्यांच्या उजव्या हाताला, पांढऱ्या खादीत; जिल्हा परिषदेच्या निवडणुकांची चाहूल लागल्यापासून तो रविवारीही खादीच घालायचा. त्याची बायको माहेरी गेली होती, ती नेहमी बरोब्बर अशा वेळी जायची. श्रीनाथ दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता, उठून जावं लागलं तर कुणाला त्रास नको अशा बेतानं. शिवकन्या खाली सतरंजीवर. तिनं चष्मा आणला होता, आणि ते अमरसिंहाला आवडलं नव्हतं.

कैवल्यनं अहवालाच्या प्रती वाटल्या आणि सुरुवात चांगली केली. बाजार कुठं आहे, डाळीचा उतारा किती, यंत्रं किती तास रिकामी राहतात. बोलायला लागल्यावर त्याचा आवाज आपोआप पुण्याचा झाला, हात हलायला लागले. कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना एक अक्षर समजलं नाही, त्यामुळं मुलगा हुशार असल्याची त्यांची खात्री आणखी पक्की झाली. अमरसिंह दर वाक्याला मान डोलवत होता. हे शास्त्र हाय तात्या, असं तो दोनदा म्हणाला.

शिवकन्येला कुठलाही छापील कागद शेवटाकडून वाचायची सवय होती. कैवल्य तिसऱ्या पानावर होता तेव्हा तिनं नववं उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि भावाकडं बघितलं. त्याचे डोळे खोल गेलेले होते, रात्ररात्र न झोपलेल्या माणसासारखे. बोटात नेहमीची अंगठी होती, पण गळ्यात कंपनीचं ते ओळखपत्र नव्हतं, जे तो लग्नाकार्यातसुद्धा चुकून घालून यायचा. तिनं पान बोटानं धरून ठेवलं आणि सहाव्याची वाट बघत बसली. सहाव्या पानावर काय असणार हे तिला घरून निघतानाच माहीत होतं.

सहावं पान आलं. तिथं सहा पदांचा तक्ता होता, ज्यांच्यावाचून मिलचं काही अडणार नाही अशा पदांचा. शेवटची तीन डाळ निवडणाऱ्या बायांची, तिसरं एका हमालाचं, दुसरं यंत्राच्या मिस्त्रीचं, म्हणजे बंडप्पाचं. पहिलं कैवल्यनं वाचलं, “पद क्रमांक एक, देखरेख सहायक.”

“मंजी दाजी,” अमरसिंहानं सगळ्यांच्या सोयीसाठी सांगितलं.

श्रीनाथनं दाराजवळ काढलेली चप्पल पायानं सरळ केली. कस्तुराबाई उंबऱ्यातून आत आल्या. गुरुवारपासून ज्या अहवालाचा डंका त्यांनी पिटला होता तो हा, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्या म्हणाल्या की कंपनीत हे बरोबर असेल, पण हे घर आहे, आणि घरात कुणाला असा नंबर देत नसतात. अमरसिंहानं त्यांना समजावलं की यात कुणाचा कुणावर राग नाही, ताईला त्रास द्यावा असं तर मुळीच कुणाच्या मनात नाही.

“मी कुठं म्हणायलोय आई,” तो म्हणाला. “अहवाल म्हणायलाय.”

“मग अहवालाला इचारू,” शिवकन्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “कैवल्या, नवव्या पानावरचा माणूस कोण?”

अमरसिंहानं गोंधळून पानं उलटली. तो सहाव्याच्या पुढं गेलाच नव्हता. त्याला हवं होतं ते सहाव्यावर संपत होतं. शिवकन्येनं नववं पान मोठ्यानं वाचलं, वयापासून बोलीपर्यंत. ऐकताना अमरसिंहाचा चेहरा आधी खुलला, कारण व्यवस्थापक म्हणजे आपणच असणार असं त्याला वाटलं, आणि मग अडतीसपाशी थांबला. तो एक्केचाळीस वर्षांचा होता.

“तुझी नोकरी गेली का रे?” शिवकन्येनं विचारलं.

कैवल्यनं अक्षराकडं पाहिलं. अक्षरानं नजर काढून घेतली नाही, पण मदतही केली नाही.

“गेली,” तो म्हणाला. “चार तारखेला.”

कस्तुराबाईंच्या मनात आधी मुलगा आला नाही. आधी भिशी आली. एकेक बाई आली, तिनं विचारलेलं आलं, आपण दिलेलं उत्तर आलं. मग त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या, आणि कैवल्यनं पेला तोंडाला लावेपर्यंत त्याच्याजवळ उभ्या राहिल्या.

अमरसिंहाला मात्र विचार करायला एवढा वेळ लागला नाही. दहा मिनिटांपूर्वी जे शास्त्र होतं ते आता कागद झालं. ज्याला त्याच्याच कंपनीनं ठेवलं नाही त्यानं मिल कशी चालवायची ते आपल्याला सांगावं का, असं त्यानं तात्यांना विचारलं. हा अभ्यास नाही, ही खुर्चीची सोय आहे, असंही म्हणाला. आणि दाजींकडं वळून, त्यांच्यावर अन्याय होऊ देणार नाही असं त्यानं त्याच दमात जाहीर केलं. श्रीनाथनं या आश्वासनाकडं लक्ष दिलं नाही. एवढ्या वर्षांत मेहुण्यानं आपली बाजू घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो आपल्यासाठी नाही, हे त्याला समजत होतं.

कैवल्य चिडला होता, पण त्याच्याकडं चिडायला तोंड उरलं नव्हतं. आठ पानं खरी आहेत, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

“खरी हायत,” श्रीनाथ म्हणाला.

सगळे दाराकडं वळले. श्रीनाथ या खोलीत आजवर चहाला ‘नको’ आणि ‘बरं’ यापलीकडं फारसं बोललेला नव्हता.

“माझ्याबद्दल लिहिलंय ते खरं हाय. सहा वर्षं झाली, म्या फाटकापाशी उभा हाय. कशापायी, ते मला कुणी सांगितलं न्हाय आन् म्या बी इचारलं न्हाय. दुकान गेल्यावर माणूस लई प्रश्न इचारत न्हाय. पर बंडप्पाचं लिहिलंय ते चुकलंय. मशीनचा पट्टा तुटायच्या आदी त्याला आवाजावरून कळतं. त्याला काढलं तर आठ दिवसांत मिल बंद पडंल.” मग त्यानं कैवल्यला विचारलं, “तुला समोर बसवून सांगितलं, का फोनवर?”

“कॉलवर, दाजी.”

“मग माझं बरं झालं म्हणायचं. मला निदान समोर बसवून सांगितलं तू.”

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता, आणि म्हणूनच ते कैवल्यला सहन झालं नाही. त्यानं अहवाल मिटून मांडीखाली सरकवला. शिवकन्या नवऱ्याकडं बघत होती. गेल्या सहा वर्षांत तिनं त्याच्या वतीनं इतकं भांडण केलं होतं, की त्याला स्वतःचं बोलता येतं हे ती विसरून गेली होती.

०

तात्या आतापर्यंत गप्प होते. ते गप्प असले की घरातला प्रत्येकजण त्यांना आपल्या बाजूला धरायचा. तात्यांना हे माहीत होतं, आणि चाळीस वर्षं त्यांनी त्याचा फायदाही घेतला होता. आज त्यांना त्याचा कंटाळा आला. त्यांनी हात पुढं केला. कैवल्यनं अहवाल दिला. तात्यांनी सहावं पान उघडून बोटानं एकेक ओळ खाली नेली.

“कुणाचं नाव लिहायचं राहिलं?”

कैवल्यनं पानाकडं पाहिलं. “तात्या, ज्यानं अहवाल मागवलाय त्याचं नाव अहवालात येत नसतं. सगळीकडं असंच असतं.”

“सगळीकडं असंल. इथं कुणी मागवला?”

उत्तर द्यायची गरज पडली नाही. अमरसिंहानं खादीची बाही नीट केली.

तात्यांनी सांग म्हटल्यावर कैवल्यनं सांगितलं. दिवाळीनंतर तो चार दिवस मिलमध्ये बसला होता. त्या चार दिवसांत अमरदादा दोनदा आला, मिळून तीन तास. बाकी वेळ धाराशिवला, पुढाऱ्याच्या कार्यालयाबाहेर. त्या चार दिवसांत जुनी तूर भरलेले पाच ट्रॅक्टर फाटकापाशी आले. भाव ठरवायचं काम तात्यांनी कधीचंच अमरदादावर सोपवलं होतं, आणि तो जागेवर नव्हता. शेतकरी तासभर थांबले आणि लातूरच्या रस्त्याला लागले. मिलला माणसं जास्त झाली नव्हती, फक्त मालक कमी पडत होता. हे त्याला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. पण तसं लिहिलं असतं तर अहवाल पुढं गेला नसता, आणि नोकरी गेल्यावर तर अहवाल पुढं जाणं त्याला फारच गरजेचं वाटायला लागलं.

“ट्रॅक्टर कुणाकुणाचे होते?” तात्यांनी विचारलं.

ते कैवल्यला माहीत नव्हतं. श्रीनाथनं पाचही नावं सांगितली, गावासकट, आणि कुणाची तूर किडकी होती तेही सांगितलं.

अमरसिंह उठून उभा राहिला. संपर्क ठेवावा लागतो, उद्या तिकीट मिळालं तर मिलचंच भलं आहे, हे सगळं तो बोलला, पण त्याला ऐकणारं कुणी सापडेना. आईकडं बघितलं तर ती कैवल्यजवळ, ताईकडं बघितलं तर ती श्रीनाथकडं बघतेय. सकाळी धपाटी खाताना सगळं घर आपल्या बाजूला आहे असं वाटत होतं. त्याच रागात तो बोलून गेला.

“समद्यांचंच लिहायचं तर तात्यांचं लिही की. तात्या काय करत्यात दिवसभर, त्ये बी येऊ द्या अहवालात.”

कस्तुराबाईंनी त्याला नावानं हाक मारली, नुसतं “अमर,” एवढंच. तो खाली बसला. आपण काय बोललो हे त्याला तोवर कळलं होतं.

“बरोबर इचारलं त्यानं,” तात्या म्हणाले. “कैवल्य, पेन काढ. बंडप्पाला जे इचारलं असशील, त्ये मला इचार.”

कैवल्य नको म्हणाला. तात्यांनी हात पुढं करून तसाच धरून ठेवला, सांगितलेलं झाल्याशिवाय ते तो खाली घ्यायचे नाहीत. शेवटी कैवल्यनं पाठकोरा कागद घेतला आणि नऊ वर्षांत अनेक शहरांत, अनेक अनोळखी माणसांना विचारलेला प्रश्न बापाला विचारला. तुम्ही दिवसभरात नेमकं काय काम करता?

तात्यांनी सोपा प्रश्न असल्यासारखी सुरुवात केली.

“सकाळी नवाला जातो. खुर्चीवर बसतो. माणसं येत्यात,” ते म्हणाले आणि थांबले. “पयलं यायची. आता अमरला फोन लावत्यात. मग पेपर वाचतो. बाराला डबा खातो. दुपारी जरा डोळा लागतो. चारला बंडप्पा चहा धाडतो. मग एक चक्कर मारतो यार्डात. तवर सहा वाजत्यात.”

“ह्यात काम कुठलं?” तात्यांनी विचारलं.

“तात्या, असं नसतंय. तुम्ही असता म्हणून—”

“बंडप्पाचं लिहिताना वाटलं का असं?”

कैवल्यनं पेन खाली ठेवलं. तात्यांनी ते उचललं, सहाव्या पानावरच्या तक्त्यात ‘पद क्रमांक एक’च्या वरती जागा शोधली आणि तिथं सावकाश, मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मग खालच्या सहाही ओळींवर एक रेघ मारली. रेघ वाकडी गेली, पण सहाच्या सहा ओळी त्यात आल्या.

बाकीचं त्यांनी उभं राहून सांगितलं. उद्यापासून ते मिलमध्ये जाणार नाहीत. वजनकाट्यावर श्रीनाथ बसेल आणि भाव तोच ठरवेल. फाटकापाशी उभं राहून त्याला जेवढी माणसं कळली तेवढी खुर्चीवर बसून कुणाला कळली नव्हती. अमरसिंहानं सकाळी आठला हजर व्हायचं. नवापर्यंत आला नाही तर किल्ल्या शिवकन्येकडं जातील. अमरसिंहानं बहिणीकडं पाहिलं. शिवकन्येनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तिला किल्ल्या नकोच होत्या असं मुळीच दिसत नव्हतं.

मग तात्या कैवल्यकडं वळले.

“तुला नोकरी पायजे व्हती तर मागायची. बापाला मागायला नऊ पानं लागत्यात का?”

अक्षराला वाटलं, आता हा काहीतरी मोठं, गुळगुळीत बोलेल. तिनं ते आधीच नको म्हणून खाली बघितलं. पण कैवल्यचा आवाज पुण्याचा राहिला नव्हता.

“पायजे, तात्या.”

“न्हाय,” तात्या म्हणाले. “मिलमदी माणसं जादा झाल्यात. तूच लिहिलंय.”

मग श्रीनाथ हसला, तोंडावर हात ठेवून, जावयानं हसावं तसं. त्याच्यामागून शिवकन्या. आणि कैवल्य हसायला लागला तेव्हा अक्षराला दिसलं की त्याचे डोळे भरून आलेत, आणि चार तारखेपासून हे पहिल्यांदाच होतंय. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात टेकला, थोडा आधारासाठी, थोडा नाही. ते म्हणाले की नोकरी पुण्यात शोध, तुला तिथलंच काम येतं. घर मात्र इथं आहे. किती दिवस राहायचं ते कुणी विचारणार नाही.

दुपारी येसरची आमटी आणि भाकरी झाली. अमरसिंह पानावर बसला, कमी जेवला आणि कुणाला शास्त्र सांगितलं नाही. जेवण झाल्यावर त्यानं कुणालातरी फोन करून, सोमवारी सकाळी धाराशिवला येणं जमणार नाही असं कळवलं. मंगळवारचं त्यानं अजून काही कळवलं नव्हतं. अक्षराला सोमवारी लॅब होती, ती संध्याकाळच्या एसटीनं एकटीच पुण्याला गेली. कैवल्य राहिला.

०

सोमवारी पावणेनवाला तात्या आंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून दारात आले आणि तिथंच उभे राहिले. कस्तुराबाईंनी आतून बघितलं. ते विसरले नव्हते. फक्त पाय त्या वेळेला दारात येऊन थांबले होते. पाच मिनिटांनी ते वळले, टोपी खुंटीला अडकवली आणि झोपाळ्यावर कैवल्यशेजारी येऊन बसले. कैवल्य मांडीवर लॅपटॉप घेऊन कुठं कुठं अर्ज पाठवत होता. अजून कुणाचं उत्तर नव्हतं.

कस्तुराबाई झोपाळ्यापुढून सकाळपासून सहाव्यांदा गेल्या. पाय वर घ्या म्हणाल्या. पाय वर झाले. त्या झाडून पुढं गेल्या.

“कैवल्य,” तात्या हळूच म्हणाले, “तुझा त्यो प्रश्न आईला इचारून बघ.”

कैवल्यला वाटलं तात्या गंमत करताहेत. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. तेव्हा त्यानं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि विचारलं. आई, तू दिवसभरात नेमकं काय काम करतेस?

कस्तुराबाई केरसुणी धरून तशाच उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांत हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं, म्हणून उत्तर तयार नव्हतं. पण प्रश्न थट्टेचा नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि पहाटे डोळा उघडतो तिथून सांगायला सुरुवात केली. तात्या लक्ष देऊन ऐकत होते. कैवल्य मध्ये एकदाही बोलला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं घड्याळ बघितलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, आणि त्या अजून सकाळच्या सातपर्यंतच पोचल्या होत्या.